सांत आंतोन आणि केरकरांची छत्री

गोव्यात केरी तीन आहेत. एक पेडण्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आणि एक फोंड्यात, विजयादुर्गेची. मी पहिल्या केरीचा केरकर. बाकीच्या दोन केऱ्यांतही केरकर आहेत, आणि आम्हा सगळ्यांची कुरियरं एकमेकांच्या घरी फिरून, थोडा गोवा पाहून, मग योग्य पत्त्यावर येतात. पुण्याहून पाठवलेलं पाकीट तर एकदा ‘कैरी’ असं लिहून आलं होतं. मे महिना होता, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

यावर उपाय म्हणून पत्त्यात खूण सांगावी लागते. आमच्या केरीची पहिली खूण म्हणजे आजोबा. आजोबा हे आमच्या देवाचं नाव. हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण पुण्याच्या माणसाला फोनवर “आजोबाची केरी” म्हणून सांगितलं, तर तो आदरानं विचारतो, “अख्खं गाव तुमच्या आजोबांचं? म्हणजे इनामदार तुम्ही!” मी सुरुवातीला खुलासा करायचो. आता करत नाही.

दुसरी खूण म्हणजे फेरीबोट. केरीच्या धक्क्यावरून ती तेरेखोल नदी ओलांडून पलीकडच्या तेरेखोल गावात सोडते. हे गाव गोव्याचं, पण आहे नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे पाय ठेवायची जमीन महाराष्ट्राला लागून आणि कायदा गोव्याचा. तिथं टेकाडावर किल्ला आणि किल्ल्याच्या पोटात सेंट अँथनीचं चर्च. तेव्हा पत्ता पूर्ण होतो तो असा : आजोबाची केरी, फेरीबोटीच्या धक्क्याजवळ, सेंट अँथनीच्या समोर, मध्ये नदी.

‘सेंट’ या शब्दानं मला लहानपणी बराच त्रास दिला आहे. आमच्या घरी सेंट एकच होता. काका लग्नाला निघाले, की कपाटातल्या निळ्या बाटलीतून रुमालाच्या कोपऱ्याला लावायचे तो. त्यामुळे पलीकडच्या किल्ल्यात अँथनीचा सेंट आहे, हे ऐकल्यावर मी वारा कुठून वाहतो हे पाहून धक्क्यावर उभा राहायचो. वास यायचा तो खारवलेल्या बांगड्यांचा. अँथनीला हाच सेंट आवडत असेल, तर आपण काय बोलणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढं कळलं, की सेंट म्हणजे संत. आपल्याकडे संत व्हायला अर्ज लागत नाही. हयातीत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरपूर छळलेलं असलं आणि मागं अभंग उरले, की पुरे. रोमला मात्र रीतसर चौकशी होते, साक्षी निघतात, चमत्कारांची पडताळणी होते आणि फाइल शंभर-दोनशे वर्षं सहज चालते. अँथनीची फाइल तेवढी विमानानं गेली. तो वारला १३ जून १२३१ रोजी आणि ३० मे १२३२ रोजी पोपनं त्याला संत जाहीर केलं. वर्षश्राद्धाच्या आत. सरकारी कामाचा थोडाफार अनुभव असलेल्या कुणालाही मी हे सांगतो, तेव्हा तो चमत्कारांबद्दल पुढं काही विचारत नाही. हा एक पुरतो.

या अँथनीचं मूळ नाव फर्नांदो, जन्म लिस्बनचा. वारला इटलीत, पाडुआ शहराजवळ. आता इटलीची माणसं त्याला पाडुआचा अँथनी म्हणतात आणि पोर्तुगीज म्हणतात लिस्बनचा. म्हणजे आपल्या भाषेत आंतोन पाडुआकर की आंतोन लिस्बनकर, हा वाद जवळजवळ आठशे वर्षं चालू आहे. आम्हा केरकरांना तो लगेच समजतो. जन्मगावचं आडनाव लावावं की कर्मगावचं, यावरून आमच्यातले दोन भाऊबंद एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत.

खरं तर हे सगळे संत आपल्यासारखेच ‘कर’ आहेत. फ्रान्सिस असिसीकर. तेरेझा आव्हिलाकर. आणि ज्याला अख्खा गोवा ‘गोंयचो सायब’ म्हणतो, तो फ्रान्सिस झेवियर तर आडनावानंच गावचा. स्पेनमधल्या नावारातल्या हाविएर या गावाचा, म्हणून झेवियर. त्या गावाचं नाव मूळ बास्क भाषेतलं आणि अर्थ ‘नवं घर’. म्हणजे सरळ मराठीत नवघरे. मुंबईत १८६९ साली निघालेल्या त्या नामांकित कॉलेजच्या नावाचं मराठी भाषांतर ‘संत नवघरे महाविद्यालय’ असं होतं, हे मी तिथं शिकलेल्या एका भाच्याला सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो.

आता हा लिस्बनकर तेरेखोलला कसा पोचला? किल्ला मुळात सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला. १७४६ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय, पुढं ज्याला मार्केस दि आलोर्ना म्हणून लोक ओळखू लागले तो, आरमार घेऊन नदीच्या तोंडाशी आला आणि २३ नोव्हेंबरला किल्ला पडला. आत देऊळ हवंच, म्हणून त्यानं चॅपेल बांधलं आणि ते पवित्र त्रैक्याला वाहिलं. अँथनी त्यानंतर आला. आला तो मात्र कायमचा राहिला.

पोर्तुगीजांची खरी पद्धत याहून सोपी होती. ते कॅलेंडर पाहून नाव ठेवायचे. त्यांच्या पंचांगात वर्षाचा प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या संताचा. बोट किनाऱ्याला लागली, की तारीख बघायची आणि पाटी लावायची. २५ नोव्हेंबर १५१० ला आल्बुकर्कनं गोवा जिंकलं, तो दिवस सेंट कॅथरिनचा. म्हणून जुन्या गोव्यातलं सगळ्यात मोठं चर्च, सी कॅथेड्रल, सेंट कॅथरिनचं. ब्राझीलमधलं साओ पाउलो स्थापन झालं २५ जानेवारी १५५४ ला, त्या दिवशी पंचांगात पॉल होता. स्पॅनिश लोकही याच शाळेतले. १३ जून १६९१ ला त्यांची एक तुकडी टेक्सासात एका नदीकाठी मुक्कामाला थांबली. तेरा जून म्हणजे आपल्या आंतोनची तिथी. झालं सान आंतोनियो! तुकडीचं एक घोडं आदल्या दिवशी लंगडलं असतं, तर ते आज दुसऱ्याच कुणाच्या नावानं ओळखलं गेलं असतं.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या केरीतही मागच्या पिढीत सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारचा बुधो आणि शुक्रवारचा शुक्रो. काव्य वगैरे भानगड नाही. बाळंतीण दमलेली, बाप समुद्रावर गेलेला, वार तेवढा सगळ्यांना माहीत. तेरेखोलच्या किल्ल्यात पुढं हॉटेल निघालं, तेव्हा तिथल्या सात खोल्यांनाही सात वारांचीच नावं दिली होती. एवढ्या खर्चाचं हॉटेल शेवटी आमच्या आजीच्याच पद्धतीवर आलं. फरक एवढाच, की तिथल्या सोमवाराला एका रात्रीचे जे पैसे पडायचे, तेवढ्यात आमच्या सोमाचं लग्न झालं होतं.

२३ नोव्हेंबर हा पंचांगात सेंट क्लेमेंटचा दिवस. मार्केसनं त्या दिवशी नियम पाळला असता, तर समोर आज क्लेमेंट बसला असता आणि आमची पंचाईत झाली असती. कारण क्लेमेंटकडे हरवलेल्या वस्तूंचं खातं नाही.

ते खातं आंतोनकडे कसं आलं, त्याची गोष्ट अशी सांगतात. त्याच्याजवळ स्वतःच्या हातानं टिपणं केलेली स्तोत्रांची एक पोथी होती. मठ सोडून पळालेल्या एका शिकाऊ साधूनं ती लांबवली. आंतोननं प्रार्थना केली. पोरगा पोथी घेऊन परत आला आणि मठातही राहिला. तेव्हापासून चष्मा, किल्ली, पावती, बैल, नवरा, काहीही हरवलं तरी लोक आंतोनला हाक मारतात. नवरा न सापडणाऱ्या मुलीही. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये लग्न जमत नसलं, तर आंतोनची मूर्ती उलटी टांगतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात. स्थळ आलं, की बाहेर काढतात. मला हे कुणीतरी मोठ्या आश्चर्यानं सांगितलं. मला आश्चर्य वाटलं नाही. दहावीच्या निकालापासून कोर्टाच्या निकालापर्यंत आपण पिढ्यान्‌पिढ्या देव पाण्यात घालून बसलेलो आहोत.

पण आंतोनची सगळ्यात मोठी नोकरी याहून वेगळी. तो लष्करात होता. हे रूपक वगैरे नाही. पोर्तुगालातल्या लागोस इथल्या पलटणीत १६६८ साली त्याची साधा शिपाई म्हणून रीतसर भरती झाली. माणूस वारून तेव्हा चारशे सदतीस वर्षं झालेली, पण वयाची अट कुणी दाखवली नाही. १६८३ मध्ये तो कप्तान झाला. पंधरा वर्षांत एक बढती, तीही रजा, आजारपण, वाद, बदलीचा अर्ज, काहीही नसताना. ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे, त्यांना यातला गोपनीय अहवाल वाचावासा वाटेल.

जुन्या गोव्यात मोंते सांतच्या टेकडीवर सेंट अँथनीचं शाही चॅपेल आहे. तिथल्या मूर्तीलाही कप्तानाचा हुद्दा होता आणि वर्षाचा पगार होता. सणाला मिरवणूक निघायची आणि कप्तानसाहेब जातीनं आपला पगार घ्यायचे. एकदा एका गव्हर्नरला काटकसरीचा झटका आला. न खाणाऱ्या, न पिणाऱ्या, ड्यूटीवर न जाणाऱ्या कप्तानाला पगार कशाला, म्हणून त्यानं तो बंद केला. सांगतात, की पुढच्याच सणाच्या वेळी गव्हर्नर घोड्यावरून पडला आणि पगार पुन्हा सुरू झाला. थकबाकीसह की नाही, ते कथेत येत नाही. ते यायला हवं होतं.

हा कप्तान तेरेखोलच्या किल्ल्यात बसलेला असताना, १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली मूठभर गोमंतकीय सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा चढवला. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. पोर्तुगीजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं, ती गोष्ट हसण्याची नाही. मला त्यातली एकच बाब मजेदार वाटते. पोर्तुगीज लष्करातला एक कप्तान त्या वेळी त्याच किल्ल्यात, हातभर अंतरावर होता आणि जागचा हलला नाही. त्याला शोधून द्यायची सवय, धरून द्यायची नाही.

नदीपलीकडचं सोडलं, तर आमच्या पेडण्यात संतांची गर्दी तशी कमी. पेडणे पोर्तुगीजांकडे आलं १७८८ साली, नव्या काबिजादीत. तोवर त्यांचा धर्माचा जोर बराच ओसरला होता आणि देवळं पाडण्याचे दिवस गेले होते. म्हणून आमची भगवती, मोरजाई, सातेरी, रवळनाथ जागच्या जागी राहिले. बार्देश, तिसवाडी, सासष्टीत मात्र संतांनी गावंच घेतली. जुवें गावाचं सांत इस्तेव झालं, कालापूरचं सांताक्रूझ झालं. लोकांनी यावर नामी तोडगा काढला. कागदावर एक नाव आणि तोंडात दुसरं. आजही तिथला माणूस जुव्याला राहतो आणि त्याचं टपाल सांत इस्तेवला येतं. तीन केऱ्यांच्या माणसाला हे पाहून गलबलून येतं. निदान त्यांचं टपाल एकाच गावात येतं.

आणि ज्यांना नाव बदलता येत नाही, ते उच्चार बदलतात. सांता इनेज ही पणजीतली संतीण. तिचं सांतिनेज झालं आणि बसच्या क्लीनरच्या तोंडात तर ती एका श्वासात येते नि जाते. सेंट जॉनचा झाला सांजांव, जो २४ जूनला डोक्यावर फुलांची कोपेलं चढवून माणसांना विहिरीत उड्या मारायला लावतो. मुंबईच्या सांताक्रूझची तर मराठी माणसानं केव्हाच शांताक्रूझ करून टाकली. मूळ अर्थ पवित्र क्रूस; संत-संतीण यात कुणीच नाही. पण आमची काकी पहिल्यांदा मुंबईला गेली, तेव्हा लोकल त्या स्टेशनात थांबताच तिनं हात जोडले. शांतादुर्गेची बहीणच कुणीतरी असणार, असा तिचा हिशेब.

काकीचा नातू आता अमेरिकेत सॅन होजेला असतो. तिथं गणपती बसतो, ढोल वाजतो, मराठी शाळा भरते. काकीला गावाचं नाव सांगून सांगून तो थकला. शेवटी मी म्हटलं, “काकी, होजे म्हणजे आपला जुजे.” तिला लगेच पटलं. जुजे म्हणजे सेंट जोसेफ, आणि आमच्याकडे दर दहा ख्रिस्ती घरांमागे एक जुजे. तेव्हापासून ती शेजारणींना सांगते, “नातू खंय? अमेरिकेक, जुजेगेर.” ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा कुणा जुजेकडे पेइंग गेस्ट आहे.

आमच्याच तालुक्यात विर्नोड्याला सरकारी कॉलेज आहे, संत सोहिरोबानाथ अंबिये यांच्या नावाचं. सोहिरोबा बांद्याचे, जन्म १७१४, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांच्या नावाआधी ‘संत’ आहे आणि चार इयत्ता खालच्या कुठल्याही कॉन्व्हेंटच्या नावाआधी ‘सेंट’. मधला फरक एका मात्रेचा आणि एका अक्षराचा, पण पालकांच्या डोळ्यांत पाहावा. ‘संत’ म्हटलं, की हात जोडतात. ‘सेंट’ म्हटलं, की प्रवेशाचा फॉर्म मागतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलाच्या शाळेसाठी नवस बोलला होता, आणि तो बोलला होता आजोबाला. आजोबानं सेंटाकडे शब्द टाकला असावा. प्रवेश मिळाला.

आता छत्री.

गेल्या जूनमध्ये, पाऊस नुकताच धरला होता, मी रेडीला गणपतीला निघालो. रेडीचा गणपती हाही हरवून सापडलेल्यांतलाच. १९७६ मध्ये खाणीच्या मातीतून वर आला. फेरीबोटीत मी दुचाकी उभी केली, छत्री कठड्याला अडकवली आणि समोरचा किल्ला जवळ येत असताना नेहमीसारखा संतांविषयी विचार करू लागलो. पलीकडे उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. गोव्यात छत्र्या हरवतात त्या पावसात नाही, अशा उघडिपीत. परतीच्या फेरीला ओहोटी लागली होती. ओहोटीला बोटीचा भरवसा नसतो, म्हणून आरोंद्याच्या पुलावरून वळसा घालून, किरणपाणीमार्गे, भिजत घरी आलो.

काकीनं मला पाहिलं आणि टॉवेल देण्याआधी सल्ला दिला. “सां आंतोनाक सांग. मेळतली.”

“काकी, आपला देव आजोबा.”

“आजोबाक सांगलां हांवें. पूण छत्री तेरेखोलच्या वाटेर पडली मरे. ती तेची हद्द.”

हद्दीचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला. पोलीसही हाच काढतात. आजोबाला नारळ आणि आंतोनला मेणबत्ती असं ठरलं. चर्च एरवी बंद असतं, फेस्ताला, मे महिन्यात उघडतं. तेव्हा काकीनं मेणबत्ती धक्क्यावरच, पलीकडे तोंड करून लावली. वाऱ्यानं ती विझली. काकीनं पुन्हा लावली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा ती आंतोनला म्हणाली, की पगार खाल्लास तसं जरा कामही कर. पगाराची गोष्ट तिला मीच सांगितली होती, आणि सांगायला नको होती असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो. फेरीबोटीवरच्या खलाशाला विचारलं. त्यानं केबिनच्या कोपऱ्यातून एक, दोन, तीन, चार करत सात छत्र्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. सगळ्या काळ्या. मी धीर सोडला नाही, कारण माझ्या छत्रीच्या दांड्यावर मी पांढऱ्या रंगानं स्पष्ट नाव घातलं होतं.

“नांव कितें?” त्यानं विचारलं.

“केरकर.”

त्यानं एकेक छत्री उलटी करून दांडा पाहिला. चार बाजूला ठेवल्या. उरलेल्या तीन माझ्यापुढं धरल्या. तिन्हींवर पांढऱ्या रंगात ‘केरकर’.

“खंयचे?” तो म्हणाला.